टेक्नोला भवितव्य आहे का?

प्रश्न (जळगाव): आपल्याकडे वरातीत डीजे दणाणतो, परंतु निखळ टेक्नो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर रचलेले एकसारख्या ठेक्याचे नृत्यसंगीत, ऐकण्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. त्यात बर्लिनचा वॉटरगेट क्लबही 2024 च्या अखेरीस बंद झाला. हे संगीत आता उतरणीला लागले आहे का?

प्रतिसाद (धुळे): क्लब भाडेवाढीने बंद पडतात, त्यावरून संगीताची प्रकृती ठरवू नये. 1980 च्या दशकात, कारखाने ओस पडत चाललेल्या अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या परिसरात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी टेक्नोला आकार दिला आणि 1989 मध्ये बर्लिनची भिंत कोसळल्यावर हे संगीत तिथल्या रिकाम्या इमारतींत रुजले. पडझडीतूनच ते वाढले आहे.

प्रतिसाद (नंदुरबार): मला खरी काळजी रील्सची वाटते. सातपुड्यातील होळीत रात्रभर घुमणाऱ्या ढोलाप्रमाणे टेक्नोही एकाच ठेक्यातील बारीक बदलांवर उभे असते. ते ऐकण्याचा धीरच सुटला, तर उरेल तो नुसता वेग.

प्रतिसाद (धुळे): सहमत आहे. म्हणूनच लहान, बंदिस्त सभागृहात संध्याकाळी लवकर कार्यक्रम सुरू करावा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई असतेच. पन्नास श्रोते पुरेसे आहेत.