जुना गेम नव्या मशीनवर: आधी वेग बांधा, चकचकाट नंतर

फोंडेकर:
चवथीला आलेल्या भाच्याने त्याच्या नव्या लॅपटॉपवर माझा जुना 'जीटीए सॅन अँड्रियास' चढवला. १६५ हर्ट्झची स्क्रीन, दणकट ग्राफिक्स कार्ड. पहिलं काम काय केलं, तर सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढायची याची मर्यादा, बंद. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं, पोरगा खूश. अर्ध्या तासाने माटोळीखालून हाक आली, "मामा, हा पाण्यात पोहतच नाही!"

पीसीवर २००५ साली आलेला हा गेम सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास चालेल असं धरून लिहिलेला आहे. हालचालींची बरीच गणितं फ्रेमच्या मोजणीला बांधलेली. फ्रेम चौपट-पाचपट झाल्या की पोहणं मंदावतं, गाडी रिव्हर्स घेताना अडखळते. लिमिटर पुन्हा चालू केला आणि गेमचा नायक सीजे पोहायला लागला.

ज्यांनी जुन्या ४८६ पीसीचं कॅबिनेट पाहिलंय त्यांना 'टर्बो' बटण आठवेल. त्याचा खरा उपयोग मशीन हळू करायला व्हायचा, कारण आधीचे कितीतरी गेम प्रोसेसर पळेल तसे पळायचे. पुढे टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम पेंटियम टूवर सुरू होता होताच 'रनटाइम एरर २००' देऊन पडू लागले. सुरुवातीला ते मशीनचा वेग मोजायचे, आणि मशीन इतकं भरभर झालं की उत्तर ठरवलेल्या जागेत मावेना. आज जुने डॉस गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ दाबून सायकल, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी करतो, एफ१२ ने वाढवतो. तेच टर्बो बटण, दुसऱ्या रूपात.

म्हणून माझं ठाम मत: जुना गेम नव्या मशीनवर आणताना आधी त्याचा मूळ वेग बांधून घ्यावा. 'स्मूद' करायची घाई झाली की आपण दुसराच काहीतरी खेळ खेळत बसतो.

मांडवीकाठ:
साफ असहमत. फ्रेमला बांधलेली गणितं ही त्या काळच्या वेळापत्रकाची आणि कन्सोलच्या मर्यादेची देणगी आहे. लिहिणाऱ्यांना तेव्हा दुप्पट ताकदीचं मशीन मिळालं असतं तर त्यांनी ते वापरलंच असतं. दोष दिसला तर दुरुस्त करायचा, त्याची पूजा कशाला मांडायची?

शिवाय तुम्ही दोन गोष्टी एकत्र कालवताय: खेळाचं घड्याळ आणि पडद्यावरचं चित्र. 'डूम'चं उदाहरण घ्या. आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. त्या खेळाचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देतं. आजच्या चांगल्या पोर्टमध्ये (त्या कोडवरून नव्या मशीनसाठी केलेल्या आवृत्तीत) ते ३५ ठोके तसेच ठेवलेत, राक्षस तेवढ्याच वेगाने चालतो, गोळी तेवढ्याच वेळात पोचते. फक्त दोन ठोक्यांच्या मधली चित्रं हिशेबाने काढून भरतात. १६५ हर्ट्झच्या स्क्रीनवर १६५ चित्रं दिसतात आणि खेळ रेसभरही बदलत नाही. हे शक्य असताना पोराला ३० फ्रेमच्या खोड्यात अडकवणं मला पटत नाही.

फोंडेकर:
डूमचा कोड हातात आला म्हणून ते जमलं, हे तुम्हीच लिहिलंय. ज्यांचा कोड कंपनीच्या कपाटात आहे किंवा हरवूनच गेलाय, त्यांचं काय? तिथे बाहेरून लिमिटर लावणं हाच इलाज उरतो. आणि असे गेम कितीतरी जास्त आहेत.

आके-मडगाव:
अहो, वेगावर भांडताय तोवर आकाराकडे बघा. ४:३ साठी बनवलेलं चित्र रुंद स्क्रीनवर ताणलं की माणसं बुटकी-जाडी आणि गाडीची चाकं लंबगोल दिसतात. वरखाली कापून भरलं तर दृष्टीचा कोन इतका अरुंद होतो की मला दहा मिनिटांत मळमळायला लागतं. वाइडस्क्रीन फिक्स मिळतो तिथे तो घालावा, नसेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवाव्यात. मूळ वेग ठेवायला माझी हरकत नाही, पण 'मूळ तेच पवित्र' हे चालणार नाही.

साखळीकर:
तुम्ही सगळेच नकलेवर वाद घालताय. माझ्याकडे विंडोज ९८ चं मशीन अजून चालू आहे, त्यात थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड, समोर काचेचा जाड मॉनिटर. त्या कार्डाच्या ग्लाइड या ग्राफिक्स प्रणालीवर चालणारा 'नीड फॉर स्पीड टू एसई' त्यावर जसा दिसतो तसा तो डीजीवूडू या वूडूची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून दिसत नाही. चित्र जास्त स्वच्छ येतं हे मान्य, पण त्या कार्डाची रंगांची दाणेदार साय आणि जुन्या मॉनिटरवर मऊ होणाऱ्या कडा जातात.

आणि आवाजाचं कुणी बोलतच नाही. व्हिस्टापासून विंडोजने डायरेक्टसाउंड या गेमच्या आवाजाच्या प्रणालीची साउंड कार्डापर्यंत जाणारी वाट बंद केली. ईएएक्सवर, म्हणजे कार्डाकडून जागेनुसार घुमणारा आवाज काढून घेण्याच्या सोयीवर, उभे असलेले गेम त्या दिवशी सपाट झाले. गुहेतला घुमारा, मागून येणारी पावलं, सगळं गेलं. आता डीएसओएएलसारख्या फाइली टाकून ते पुष्कळसं परत आणता येतं, पण किती जण टाकतात? बहुतेकांना आपण काय ऐकत नाही हेच माहीत नसतं.

वास्कोचा प्रोग्रॅमर:
साखळीकर, तुमच्या मशीनबद्दल आदर आहे. पण आपण गोव्यात राहतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, तिथे मदरबोर्डाचं काय होत असेल? जुन्या ४८६ बोर्डांवरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते. २००० च्या आसपासच्या बोर्डांवरचे कपॅसिटर फुगतात. माझा पेंटियम ४ दोन वर्षांपूर्वी असाच गेला, ऐन मुसळधार पावसात, लाईट चारदा गेली-आली त्या रात्री. जुनं यंत्र एका घरात एका माणसापुरतं टिकतं. सॉफ्टवेअरची तोड सगळ्यांना मिळते.

दुसरं, 'विंडोजने गेम बिघडवले' हा सूर अर्धाच खरा. सेफडिस्कच्या बाबतीत खरा: त्या सीडी संरक्षणाचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१५ साली घेतलाच नाही, आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजमध्येही अपडेटने बंद केला. त्यातून सिस्टीमवर ताबा मिळवता येत होता, म्हणून बंद करणं योग्यच होतं. पण विकत घेतलेली सीडी निरुपयोगी झाली ती झालीच.

उलट उदाहरण फोंडेकरांच्याच गेमचं. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आणि सॅन अँड्रियासमधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टला बोल लावला. २०२५ मध्ये सायलेंटपॅच हा या गेमचा दुरुस्ती-पॅच लिहिणाऱ्याने खणून पाहिलं, तर चूक गेमच्या एका ओळीत. वाहनांच्या फाइलमध्ये स्किमरपुढे चाकांच्या मापाचे आकडेच नाहीत, कारण मालिकेतल्या आधीच्या 'व्हाइस सिटी' गेममध्ये तो बोट म्हणून नोंदवला होता आणि बोटीला चाकं नसतात. आकडे मिळाले नाहीत की गेम मेमरीत त्याच जागी आधीच्या वाहनाचं जे माप शिल्लक असायचं ते उचलायचा. वीस वर्षं ते शिल्लक माप शाबूत राहिलं. नव्या विंडोजने मेमरीचा तो कोपरा थोडा वेगळा वापरला आणि माप पुसलं गेलं.

तेव्हा फोंडेकर, कोड हातात नसतानाही माणसं आत शिरून दुरुस्ती करतात. फक्त बाहेरून वेग बांधून स्किमर परत आला नसता.

मांडवीकाठ:
हेच मला म्हणायचं होतं.

फोंडेकर:
स्किमरचं मान्य. ती उघड चूक आहे, दुरुस्त केलीच पाहिजे, आणि सायलेंटपॅच मी भाच्याच्या लॅपटॉपवर घालणार. पण मोडलेलं जोडणं वेगळं आणि चालणारं बदलणं वेगळं. पॅच घालूनही लिमिटर चालूच ठेवणार. आके-मडगाव, काळ्या पट्ट्यांची सूचना चांगली आहे, भाचा कुरकुरेल पण ठेवतो.

मांडवीकाठ:
ठेवा. आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला मोठी चिप नेमून द्या. जुने गेम बऱ्याचदा छोटीवरच जाऊन बसतात, मग ३० सुद्धा सलग मिळत नाहीत आणि दोष लिमिटरला जातो. माझा विरोध कायम आहे, पण ३० तरी नीट ३० असू देत.

साखळीकर:
फोंडेकर, मूळ सीडी अजून आहेत का तुमच्याकडे? पुढच्या पावसाआधी त्यांच्या इमेज (डिस्कच्या हुबेहूब नकलेच्या फाइली) काढून ठेवा. सेफडिस्कच्या सीडीची साधी आयएसओ काढू नका, त्यात मुद्दाम खराब सेक्टर घातलेले असतात, साध्या कॉपीत ते येत नाहीत. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आणि जुना, धीराने वाचणारा ड्राइव्ह लागतो. माझ्याकडे आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतो, तिथे सीडी द्या, आठवड्याने परत करतो.