मदत हवी आहे: ओएचपी शीटवर छापलेला फोटो कोलाजमध्ये कसा बसवू? गोंद दिसतोय

इरकल_पदर (धागा लेखिका)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिच्यासाठी एक कोलाज करतेय आणि एका जागी पार अडकले आहे. कागदकाम किंवा मिक्स मीडिया करणाऱ्या कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

आधी काय करतेय ते सांगते. आजी-आजोबांचा १९६४ सालचा, लग्नानंतरचा एक कृष्णधवल फोटो आहे. रंकाळ्याच्या काठावर दोघं उभी आहेत, मागे शालिनी पॅलेसचा मनोरा. आजी कॅमेऱ्याकडे न बघता पाण्याकडे बघतेय. आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. त्यांच्या खतावणीची सात-आठ पानं आजीनं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. शाईच्या पेनानं लिहिलेला गुळाच्या रव्यांचा (ढेपांचा) हिशेब, उजवीकडे झुकणारं अक्षर, समासाला लाल रेघ. मला खाली खतावणीचं पान आणि त्यावर पारदर्शक फोटो असं हवंय, म्हणजे फोटोतल्या पाण्यातून आणि आभाळातून आजोबांचं अक्षर दिसेल. फोटोच्या खालच्या कडेला आजीच्या जुन्या इरकलीच्या पदराची पट्टी लावायची आहे.

फोटो स्कॅन करून आधी घरच्या इंकजेट प्रिंटरवर साध्या ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर) छापला. शाई वाळलीच नाही. दुसऱ्या दिवशी सहज बोट लागलं आणि आजोबांची टोपी पुसली गेली. मग लेझर प्रिंट काढून आणली. दुकानदारानं आधी शीट लेझरची आहे ना, हे तपासून घेतलं, कारण साधी शीट मशीनच्या उष्णतेनं आत वितळून चिकटते. ही प्रिंट सुरेख आली आहे, काळा रंग गडद आणि बोटाला काही लागत नाही.

आता अडचण चिकटवण्याची. जादा प्रती काढून रद्दी कागदांवर प्रयोग केले. लाकडाचा पांढरा गोंद पातळ करून सगळीकडे लावला. सहा दिवस झाले, कडेनं बोटभर रुंदीचा भाग स्वच्छ झालाय, पण मधे अजून ताकासारखं पांढरं आहे आणि खालचा कागद लाटा आल्यासारखा फुगलाय. झटपट चिकटणारा गम कोपऱ्यांना लावला, तर त्याच्याभोवती शीटवर पांढरट वाफ धरल्यासारखा डाग उठला आणि तो पुसून जात नाही. डबल टेप आरपार दिसते. ग्लू स्टिकचे फराटे दिसतात. सध्या इथं पाऊसही असा लागलाय की घरात काहीच धड वाळत नाही.

खरोखर न दिसणारा असा काही गोंद आहे का? की शीट गोंदाशिवायच बसवावी? आणि दुसरं, पान खाली धरून बघितलं तेव्हा लाल रेघ नेमकी आजीच्या गालावरून जातेय आणि कपाळावर आकडे येतायत. पाण्यात अक्षर हवंय, चेहऱ्यावर नकोय. यावर काय करता येईल?

घाई आहे, पण काम नीट व्हावं ही जास्त इच्छा आहे. आजीची नजर आता अधू झाली आहे. ती ही वस्तू हातात घेऊन, अगदी डोळ्यांजवळ धरून बघणार.

---

कागदवेडी

ताई, कल्पना फार सुंदर आहे.

गोंद का वाळत नाही ते आधी सांगते. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते उडून गेल्याशिवाय तो पारदर्शक होत नाही. तुमची शीट पॉलिएस्टरची आहे, तिच्यातून पाणी वर जात नाही. म्हणजे सगळं पाणी खालच्या कागदातून किंवा कडेनं बाहेर पडायला हवं. म्हणून कडा स्वच्छ झाल्या आणि मधलं तसंच राहिलं. कागद फुगला तोही त्याच पाण्यानं.

पूर्ण शीट चिकटवायचीच असेल तर ॲक्रिलिक जेल मीडियम (चित्रकामातलं घट्टसर, वाळल्यावर पारदर्शक होणारं चिकट जेल) वापरा, आणि तेही ग्लॉस, म्हणजे चमकदार. मॅटमध्ये चमक मारण्यासाठी बारीक पूड घातलेली असते, ती शीटखाली धुक्यासारखी दिसते. सपाट ब्रशनं अगदी पातळ थर द्या आणि मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डनं दाबत हवा काढा. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकं, आणि चार-पाच दिवस हात लावू नका. एवढं करूनही एखाद-दुसरा बुडबुडा राहतोच, हे धरून चाला.

आणि प्रिंट उलटी काढा, आरशातल्यासारखी. मग छापलेली बाजू खाली जाते, वरून फोटो सुलटा दिसतो आणि बोटांनी, नखांनी तो खरवडला जात नाही. आजी हातात घेऊन बघणार असतील तर हे कराच.

---

चौकटवाला

ताई, जेल लावायच्या आधी हात थांबवा जरा.

माझं फ्रेमिंगचं काम आहे, जुने कागद रोज बघतो. शाईच्या पेनानं लिहिलेलं पान म्हणताय. ती शाई पाण्यात उतरू शकते. जेलमध्येसुद्धा पाणी असतं. वरून शीट दाबली की पाणी पानातच मुरणार आणि आजोबांचं अक्षर पसरलं तर ते परत आणता येत नाही. पानाच्या एका कोपऱ्यात, जिथं एखादी रेघ किंवा ठिपका आहे तिथं, इअरबड किंचित ओला करून टेकवून बघा. कापसाला निळं आलं तर त्या पानाला ओलं काही लावू नका.

माझं म्हणणं, मूळ पान वापरूच नका. चांगलं स्कॅन करा आणि जरा जाड, पिवळसर कागदावर रंगीत लेझर प्रिंट काढा. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटची पूड, पाण्यानं उतरत नाही. मूळ पानं आजींच्या ट्रंकेतच बरी. साठ वर्षं टिकलीत ती.

---

इरकल_पदर

दादा, तुमचे फार आभार. आत्ताच बघितलं. कापसावर निळा डाग आला, अगदी लगेच. मी उद्या सकाळी जेल आणून थेट मूळ पानावरच लावणार होते. नुसत्या विचारानंही कसंतरी झालं. पान परत ट्रंकेत ठेवलं, उद्या स्कॅन करते.

कागदवेडी ताई, उलट्या प्रिंटचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण आता वाटतंय की एवढ्या मोठ्या शीटला जेल लावून बुडबुडा राहिला आणि तो आजीच्या डोळ्याशी आला तर? गोंदाशिवाय जमेल असं कुणी केलंय का?

---

सुईदोरा_इचलकरंजी

ताई, मी शिवते. गेली बारा वर्षं ब्लाउज, पिशव्या आणि मधूनमधून असली कागदाची कामं.

तुमच्याकडे इरकलीची पट्टी आहेच की! शीटला गोंद लावूच नका. शीट पट्टीला शिवा आणि पट्टी खालच्या पुठ्ठ्याला चिकटवा. कापडाखाली काहीही लावलं तरी वरून दिसत नाही. फक्त तिथंही ओला गोंद नको, जुनं कापड शोषून घेतं आणि वर डाग येतो. पट्टीखाली डबल टेप घाला, मस्त बसते.

मशीनवर शिवताना टाका मोठा ठेवा, ४ मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका मारला तर भोकं इतकी जवळजवळ पडतात की शीट तिकिटासारखी त्या रेघेवर फाटते. सुई नवी घाला. टाचण्या लावू नका, शीटला पडलेलं भोक कधी बुजत नाही. त्याऐवजी कागदी क्लिपा लावा. शीट मशीनच्या पायाला चिकटून अडते, म्हणून वर बटर पेपरची पट्टी ठेवून त्याच्यावरून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. शेवटी उलटी शिलाई मारू नका. दोरे लांब सोडा आणि मागे ओढून हातानं गाठ मारा.

आधी खराब झालेल्या शीटवर दोन-तीन रेघा मारून बघा. हात बसला की मगच खरी घ्या.

---

रेघोट्या

चेहऱ्याबद्दल सांगतो. प्रिंटर पांढरं छापत नाही. फोटोत जिथं पांढरं आहे तिथं शीट नुसती काचेसारखी मोकळी राहते, म्हणून गालावर खालचं सगळं दिसतंय.

ॲनिमेशनची जुनी हातानं केलेली कामं बघा. पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या शीटवर, रेघ पुढून काढायचे आणि रंग मागून भरायचे, म्हणून पात्राच्या अंगातून मागचं चित्र दिसत नसे. तुम्हीही तेच करा. शीटच्या मागून, फक्त दोघांच्या चेहऱ्यांपुरता आणि हातांपुरता ॲक्रिलिक रंग टिपा. शुभ्र पांढरा नको, तो खड्डा पडल्यासारखा उठून दिसतो. पांढऱ्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा थेंब घालून खतावणीच्या कागदाशी जुळवा. दोन पातळ हात पुरतात.

शीटवर रंगवायची भीती वाटत असेल तर त्याच रंगाचा कागद चेहऱ्याच्या आकारात कापा आणि खतावणीच्या प्रिंटवर चिकटवा. वर शीट ठेवली की तो बरोबर चेहऱ्याखाली येतो. चुकला तर दुसरा कापता येतो, हा त्यातला मोठा फायदा. आकार रेघेच्या किंचित आत कापा, बाहेर गेला तर चेहऱ्याला पांढरी कड दिसते.

आणि शीट वरून गोंदाशिवाय धरून ठेवायला वरच्या कोपऱ्यांना आयलेट (भोकात बसवायच्या धातूच्या कड्या) मारा. चप्पल लाईनला चामड्याला भोकं पाडायचा पंच असतो, विनंती केली तर कुणीही दोन मिनिटांत पाडून देईल.

---

इरकल_पदर

सगळ्यांना कळवायचं होतं, म्हणून परत लिहितेय.

खतावणीचं पान स्कॅन करून पिवळसर कार्डशीटवर छापलं. फोटो उलटा करून नव्या शीटवर काढला. चेहऱ्यांसाठी कागदच कापला, रंगवायचं धाडस झालं नाही. आजीचा चेहरा तिसऱ्या वेळी जमला. पहिल्या दोन्ही वेळा कागद हनुवटीच्या बाहेर आला होता. आता गाल स्वच्छ आहे आणि लाल रेघ तिच्या पदराआड जाऊन पाण्यात परत निघते. हे मी ठरवून केलेलं नाही, पण तसंच ठेवलंय.

शिलाई सुईदोरा ताईंनी सांगितली तशीच केली. बटर पेपर नसता तर शीट नक्की फाटली असती, पहिल्या रद्दी शीटवर ते कळलं. इरकलीची पट्टी आधी ओल्या फडक्याखाली हलकी इस्त्री केली, सुकू दिली आणि मग शिवली. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं चप्पल लाईनला पाडून घेतली. काम करणाऱ्या मामांनी शीट उजेडाकडे धरून बघितली, "रंकाळा न्हवं का ह्यो?" म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. पितळी आयलेट मी घरी बसवले.

आता शेवटचा प्रश्न. वर काच घालायची आहे. काच थेट शीटवर टेकली तर चालेल का?

---

चौकटवाला

नको. आपल्याकडच्या दमट हवेत शीट काचेला धरते आणि मधे पाण्यासारखे डाग दिसतात. आयलेटची उंचीपण आहेच. माउंट (काचेखाली चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची चौकट) दुहेरी घ्यायला सांगा, म्हणजे काच आणि शीट यांच्यात ३-४ मिलिमीटर मोकळी जागा राहते.

आणि फ्रेम होईपर्यंत ते काम प्लास्टिकच्या मऊ फोल्डरमध्ये ठेवू नका. लेझरचा टोनर कधीकधी त्याला चिकटून निघून येतो. बटर पेपरमध्ये गुंडाळून आडवं ठेवा.

---

इरकल_पदर

दादा, बरं झालं विचारलं. काल रात्रीपासून ते फोल्डरमध्येच होतं, आत्ता काढलं. काही निघालेलं नाही. दुहेरी माउंट सांगून आले, मंगळवारी मिळेल.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शीट फक्त वर-खाली धरलेली असल्यामुळे मधे केसभर पोकळी राहिली आहे. टेबललॅम्प बाजूनं लावला की आजीची बारीक सावली खालच्या हिशेबावर पडते, आणि दिवा हलवला की ती सावली आजोबांच्या अक्षरांवरून सरकते. पूर्ण चिकटवलं असतं तर हे दिसलंच नसतं. फ्रेम खिडकीजवळच्या भिंतीवर लावणार आहे, तिथं दुपारी ऊन तिरकं येतं. थेट ऊन पदराच्या रंगाला सोसणार नाही, म्हणून पडद्याच्या आडची जागा बघून ठेवली आहे.

कार्यक्रम झाला की फोटो टाकते.