अंधारातही संदेश हजर असतो
“प्रकाश पडला की हरितलवकातली (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागातली) जनुकं चालू होतात” हे वाक्य मला अर्धंच पटतं. कोवळ्या, नुकत्या हिरव्या होणाऱ्या रोपात ते बऱ्यापैकी खरं आहे. पण पूर्ण वाढलेल्या पानात पीएसबीए या हरितलवकातल्या जनुकाचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश, अंधारातही भरपूर साठलेला असतो. उजेड आला की काही मिनिटांत त्यावर रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) चढतात आणि डी१ हे प्रथिन बनायला लागतं. म्हणजे खरी लगाम भाषांतराच्या, म्हणजे संदेश वाचून प्रथिन बनवण्याच्या, टप्प्यावर आहे. ही घाई कशाला? तर प्रकाशसंस्था २ (प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या दोन प्रथिनसंचांपैकी एक; दुसरा प्रकाशसंस्था १) मधलं डी१ प्रकाशानेच सतत मोडतं, त्याला तेवढ्याच वेगाने बदली लागते.

आणि सगळं फायटोक्रोमवर, म्हणजे प्रकाशाचा रंग ओळखणाऱ्या प्रथिनावर, ढकलू नका. १९९९ मध्ये मोहरीच्या रोपांवर झालेला प्रयोग मला फार आवडतो: रोपं आलटून पालटून अशा प्रकाशात ठेवली, की एकदा प्रकाशसंस्था १ जास्त चालेल, एकदा २. प्लास्टोक्विनोनवर (प्रकाशसंस्था २ कडून १ कडे इलेक्ट्रॉन नेणाऱ्या रेणूवर) इलेक्ट्रॉन तुंबले की प्रकाशसंस्था १ च्या जनुकांचं लिप्यंतरण (जनुकावरून एमआरएनए बनणं) वाढलं, ते मोकळं झालं की पीएसबीएचं. जी संस्था मागे पडते तिचीच भरती! इथे हरितलवक रंग ओळखत नाही, स्वतःच्या इलेक्ट्रॉन-वाहतुकीतली कोंडी ओळखतं.