गुळाचा चहा 'पारंपरिक' कधीपासून झाला?

कृष्णाकाठ:
सांगलीत विश्रामबागेपासून मार्केट यार्डापर्यंत हल्ली जिथं तिथं 'पारंपरिक गुळाचा चहा'च्या पाट्या. गूळ आपला, मान्य. यार्डात त्याचे सौदे निघतात. पण चहा आपला कधी होता? 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामात सिंगफो लोकांकडून या झाडाचा पत्ता लागला, 1839 मध्ये आसाम कंपनी निघाली, आणि माल चालला लंडनला. 1930 नंतरच्या मंदीत बाहेरची गिऱ्हाइकी आटली, तेव्हा कुठं मळेवाल्यांना आपली आठवण झाली. फुकट कप वाटून सवय लावली. ताक पिणाऱ्यांच्या गळ्यात मारलेला माल, आणि म्हणे परंपरा!

हळदवाला:
फुकट कपावर कोण चार पिढ्या पीत नाही ओ. आलं ठेचून, दूध घालून खळाखळा उकळायचं इंग्रजानं शिकवलं का? त्या प्रचारवाल्यांना तर हे खपायचंच नाही; दूध-मसाला वाढला की पत्ती कमी खपते! पुढं सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरडून केलेली दाणेदार पावडर आली, चिमटीभरात रंग उतरायला लागला, आणि गरिबाच्या चुलीवर आधण चढलं. आमच्याकडं साखर रेशनची. ती डब्यात वर ठेवलेली, पाहुण्यापुरती. घरच्यांना गुळाचाच, तोही बहुतेक वेळा कोरा. पाटीवाल्यानं नवीन केलं ते एवढंच की दर वाढवला.

कृष्णाकाठ:
म्हणजे नाइलाज होता. त्याला परंपरा म्हणू नका. आणि 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटवल्याचा जातीतला खटला झाला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. चहा एवढा घरचा होता तर हे कशाला झालं असतं?

पेठेतला:
गल्लत होतेय. तिथं दोष मिशनऱ्यांच्या हातचं घेतल्याचा होता. चहाऐवजी दूध दिलं असतं तरी गोपाळराव जोशांनी तिथं गेलेल्यांची नावं पेपरात छापलीच असती. (बिस्किटंही होती म्हणतात, ती कशी सगळ्यांच्या लक्षात राहत नाहीत!) आणि नाइलाजाचं म्हणाल तर भाकरी तरी काय हौसेनं सुरू झाली?

मिरजेची सून:
इतिहास तुम्ही बघा. मला राग येतो तो 'गुळात लोह, म्हणून आरोग्यदायी' या ओळीचा. चहातलं टॅनिन तेच लोह नीट अंगी लागू देत नाही. जेवणावर लगेच चहा नको म्हणतात ते याचसाठी. चव आवडते म्हणून प्या की सरळ.

हळदवाला:
वहिनी, बरोबर. पण आमच्या घरी तो दर वेळी फाटतो, त्याला काय करायचं?

मिरजेची सून:
दूध आणि गूळ एकत्र उकळत असाल. गूळ, आलं, पावडर पाण्यातच उकळून घ्या. दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं तापवा. गॅस बंद करायचा, चहा गाळायचा, मग त्यात गरम दूध. गाड्यावर बघा, दोन पातेली वेगळी असतात ती उगाच नाहीत. तरी फाटला तर गूळ बदला, रसायनानं उजळलेला पिवळाधमक घेऊ नका.

कृष्णाकाठ:
पिवळाधमक कशाला घेतील, पाटीवर 'सेंद्रिय'पण लिहिलंय ना! दर बघा एकदा त्याचा.