कार्डावर ओ पॉझिटिव्ह, आता म्हणतात बॉम्बे ग्रुप

रंकाळाकाठी:
बहिणीला आठवा महिना चाललाय, पहिलं सिझर झालंय म्हणून डॉक्टर म्हणले रक्ताची सोय बघून ठेवा. कॉलेजपासून तिच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह, त्यामुळं आम्ही निवांत, ओ काय गल्लीत कुठंबी मिळतंय. तर चार पिशव्या लावून बघितल्या, एकबी जुळंना, आणि आता सांगत्यात बॉम्बे ग्रुप हाय. आम्ही पिढ्यानपिढ्या कोल्हापूरचे, मुंबईचा काय संबंध? दाजी ओ पॉझिटिव्ह आहेत, त्यांचं चालंल का?

पेठेतला_लॅबवाला:
दाजींचं अजिबात नको!! नाव मुंबईचं कारण 1952 ला डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तिथं शोधलं, पण माणसं जास्त सापडतात आपल्याच पट्ट्यात, कोल्हापूर सांगली सातारा रत्नागिरी. लाल पेशीवर एच नावाचा पाया असतो, त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, काहीच नाही चढलं तर नुसता पाया म्हणजे ओ. बहिणीकडं पायाच नाही. म्हणून ए-बीच्या टेस्टला गुठळी होत नाही आणि कार्डावर ओ छापून येतं. पण तिच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ पाण्यात, एचच्या विरुद्ध अँटिबॉडी आहेत, आणि सगळ्यात जास्त एच ओच्याच पेशींवर, म्हणजे तिला ओ चढवणं जिवावरचं, बॉम्बेचंच रक्त लागणार. सीरम ओ पेशींशी लावून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, पण कॅम्पात घाईत तेवढं कोण करतंय.

उसाचा_फड:
मी स्वतः बॉम्बे. आमचे आईवडील मामा-आत्याचे, आपल्याकडं काय नवीन नाही ते. दोघांकडं एकेक बिघडलेला जीन लपलेला असतो, त्यांना काही होत नाही, दोन्ही पोरात एकत्र आले की झालं. भारतात 10 हजारांत एक म्हणतात, पण सख्ख्या भावंडात चारात एक चान्स. त्यामुळं बाहेर शोधत बसण्याआधी घरातल्यांचं तपास भावा. तुझं केलंस का?

पेठेतला_लॅबवाला:
बरोबर. आणि हिमोग्लोबिन चांगलं असलं तर बहिणीचंच एक पिशवी आधी काढून ठेवता येतंय का ते डॉक्टरांना विचारा, 35 दिवस तरी टिकतं.

रंकाळाकाठी:
आयला, मीबी ओ पॉझिटिव्हच समजतोय स्वतःला. आणि गेल्या महिन्यातच शिवजयंतीला देऊन बसलोय.

पेठेतला_लॅबवाला:
मग तीन महिने गॅप. पण टेस्ट तर करून घ्या. आणखी कोण भाऊ-बहीण?

रंकाळाकाठी:
थोरला भाऊ गडहिंग्लजला. सुईला लई भितोय, उद्या पहाटेच्या एसटीनं बोलवतोय.