डेले बी१ : ऐकण्यात गेले तर सगळंच गेलं का?

देवगडकरीण
नोव्हेंबरात मुंबईला स्पॅनिश भाषेची डेले परीक्षा दिली, बी१ म्हणजे मधल्या पातळीची. कणकवलीहून रात्रीच्या कोकणकन्येनं गेले, झोप बेताचीच. वाचन-लेखन बरं गेलं. तोंडी तर झकास, फोटोचं वर्णन करताना समोरच्या बाई हसल्यासुद्धा. घात केला ऐकण्याने. रेकॉर्डिंग दोनदा लावतात, पण 'यो'ला 'शो' म्हणणारे अर्जेंटिनावाले सुरू झाले आणि मी गार. तीसपैकी निम्मी उत्तरं ठोकून दिलीत.

आता फेब्रुवारी लागला. बाबा रोज विचारतात, बारावीसारखं 'दुपारी एक वाजता' असं काही जाहीर करत नाहीत का हे लोक? त्यात पुण्याची एक कंपनी सर्टिफिकेट मागतेय. निकाल कधी नि कुठे बघायचा? आणि मी तरेन का?

राजापुरी पंत
ऐकणं एकटं बुडवत नाही. वाचन-लेखन एक गट, ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येक भाग २५ चा, गट ५० चा, आणि दोन्ही गटांत वेगवेगळे ३० हवेत. ऐकण्यात ११ पडले नि तोंडीत १९, तरी तरलीस. पण पहिल्या गटात ४८ आणि दुसऱ्यात २९ आले तर 'नो आप्तो', म्हणजे नापास, परत पूर्ण परीक्षा. ग्रेस मार्क, एटीकेटी हे आपल्याकडचे लाड तिथे नाहीत. चुकीच्या उत्तराला मार्क मात्र कापत नाहीत, तेव्हा ठोकलंस ते बरंच केलंस.

बाई हसल्या त्यावर फार जाऊ नकोस. तोंडीला दोघं मार्क देतात. समोरची व्यक्ती एकूण अंदाजाने देते. बारकाईने देणारा बाजूला गप्प बसलेला असतो.

खाडीपलीकडे
अगो, तीन म्हयने धरूनच चल. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेसच्या पोर्टलार तुझ्या खात्यात दिसतलो निकाल. मेल पण येता, स्पॅम बघीत रव. कंपनीक घाई आसात तर सिएले दी. ती पण स्पॅनिशचीच, संगणकार परीक्षा, तीन आठवड्यांत निकाल. पास-नापास नाय, हजारातले गुण.

राजापुरी पंत
सिएले पाच वर्षंच चालते, डेले कायमची. निकाल तोंडावर आलेला असताना पुन्हा फी कशाला भरायची?

खाडीपलीकडे
पंतांनू, नोकरी गेली तर कायमच्या कागदाचा काय लोणचा घालतलास?

देवगडकरीण
दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत! आज कंपनीला मेल टाकते, मार्चपर्यंत थांबाल का म्हणून. नाही म्हणाले तर सिएले. तोंडीत १९ पडले असतील असं वाटतंय. पण पंत, त्या कोपऱ्यातल्या माणसाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं हो.