जादा पैसे भरून रांग चुकवलीत का? अनुभव लिहा

ढगाळ_दुपार:
काल कपाट आवरताना एस्सेल वर्ल्डच्या तिकिटाचा चतकोर तुकडा सापडला. तारीख पुसलीये, पण मी चौथीत होते म्हणजे 1995 च्या आसपासचं. बोटीचा प्रवास, डब्यात आईचे धपाटे, आणि एकेका राइडला तास तास रांग. रांगेत बाबा पाढे विचारायचे. एकोणीसचा पाढा माझा तिथेच पाठ झाला.

परवा लेकीच्या वाढदिवसाला एका पार्कात गेलो. चौघांना रांग चुकवायचे एक्स्प्रेसचे मनगटी पट्टे घेतले, तिकिटाच्या जवळपास तेवढेच वर पैसे. दीडपर्यंत सगळं उरकलं! लेक म्हणते, "आता काय?" परतीची बस सहाला. साडेचार तास सिमेंटच्या मशरूमखाली बसून काढले. तुमचे पैसे वसूल झाले का?

तिरकी_रेघ:
बाबांनी पाढा फुकट दिला, तुम्ही मशरूमचं भाडं भरलंत :)

गारवा:
आमची वेगळीच गंमत. पट्टे घेतले, धावत सगळ्यात मोठ्या राइडला गेलो, तिथे मोजपट्टी. हवी 140, पोरगा 138. बूट जाड आहेत, केस उभे केलेत, सगळं करून झालं. पट्टा परत घेत नाहीत म्हणाले. मग त्याच्या पट्ट्यावर कोण बसणार यावरून मी आणि नवरा भांडलो. पट्टा मनगटावरून निघतच नाही हे नंतर कळलं.

दूरदेशी:
अमेरिकेत ऑर्लँडोला डिस्नेचा रांग चुकवायचा फास्टपास 1999 पासून फुकट होता. 2021 मध्ये त्याच्या जागी जिनी प्लस आलं, तेव्हा माणशी दिवसाला 15 डॉलर. आता लाइटनिंग लेन म्हणतात आणि दर तारखेनुसार बदलतो. आम्ही गेलो ते जिनीच्या काळात. सकाळी सातच्या ठोक्याला फोन घेऊन बसायचं, नाहीतर हव्या त्या राइडची वेळ गेली. सासरे पलंगावरून बघत होते, म्हणाले, "म्हणजे तत्काळच की!" मग शेजारी बसून पाच, चार, तीन मोजायला लागले. पूर्ण सुट्टीत त्यांना सगळ्यात मजा त्यातच आली.

खिडकीजवळ:
@दूरदेशी ऑर्लँडोलाच युनिव्हर्सलच्या पार्कांसाठी त्यांच्या हार्ड रॉक, पोर्टोफिनो बे किंवा रॉयल पॅसिफिक हॉटेलात राहिलात तर जुन्या दोन्ही पार्कांचा एक्स्प्रेस खोलीच्या भाड्यातच येतो. एक रात्र राहिलं तरी आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी, दोन्ही दिवस चालतो. चार डोकी असतील तर हिशेब करून बघा. त्यांच्या नवीन एपिक युनिव्हर्स पार्कात मात्र तो चालत नाही.

पाचवा_मजला:
कॉलेजात असताना सुट्टीत एका पार्कात राइडच्या तोंडाशी उभा असायचो. गाडीत जागा ठरलेल्या, तासाला फेऱ्या ठरलेल्या. एक्स्प्रेसवाले आले की साखळी सोडायची, साधी रांग तिथेच थांबवायची. दिवाळीच्या सुट्टीत एक आजोबा म्हणाले, "बाळा, आम्ही पण पैसे भरलेत रे." काय बोलणार? पुढच्या फेरीला त्यांना पहिल्या डब्यात बसवलं. सुपरवायझरने बघितलं. असो.

गारवा:
@पाचवा_मजला अरे देवा, मग काय झालं?

पाचवा_मजला:
दुसऱ्या दिवशी ड्यूटी लॉकरच्या काउंटरला. तिथे भाड्याचे ओले पोहण्याचे कपडे मोजायचे. पुढचं विचारू नका.

संथ_नदी:
देवळातही आता तेच, पैसे भरा आणि पुढे व्हा. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती तरी फुकट आहे. (अवांतर आहे, माहितीये.)

कढीपत्ता:
एकटे असाल तर परदेशी पार्कांत सिंगल रायडरची रांग बघा, जादा पैसे नाहीत. सुटी राहिलेली जागा मिळते. मी आणि हे वेगवेगळ्या डब्यांत, अनोळखी माणसाशेजारी बसून किंचाळलो. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला, यांनी धरला नव्हता कधी.

तिरकी_रेघ:
@कढीपत्ता काका हा धागा वाचतात का?

कढीपत्ता:
शेजारीच बसलेत. चहा मागतायत.

दूरदेशी:
@ढगाळ_दुपार धपाटे ज्वारीचे की बाजरीचे? आणि उन्हात दिवसभर टिकायचे कसे?

ढगाळ_दुपार:
ज्वारीचे, त्यात थोडं बेसन. काकडी नाही घालायची, पाणी सुटतं. वर लसणाची कोरडी चटणी. कुकर लावलाय, बाकीचं रात्री लिहिते.